चिकटवलेली अ‍ॅक्रिलिक पाटी सुटी करताना

ऑफिस बंद झालं की टेबल-खुर्च्यांना गिऱ्हाईक मिळतं, भिंतीवरच्या पाटीला मिळत नाही. पाटीवर नाव असतं, त्यामुळे ती जशीच्या तशी कुणाच्या उपयोगाची नसते. पण तिच्यात लागलेलं अ‍ॅक्रिलिक नवं घ्यायला गेलं तर स्वस्त पडत नाही. इथे घेतलेली पाटी ९०० × ६०० मिमीची, रिसेप्शनच्या मागे स्टीलच्या चार स्टडवर (भिंतीत बसवायच्या खुंट्यांवर) लावलेली. मागे ८ मिमी पारदर्शक शीट, पुढे ३ मिमी दुधी शीट, दुधी शीटवर ३ मिमीची काळी अक्षरं. अ‍ॅक्रिलिकची घनता १.१९ धरली तर मागची शीट साधारण ५.१ किलो आणि पुढची १.९ किलो भरते. पारदर्शक शीटमधून राउटरची (लाकडात खोबणी पाडायच्या हातयंत्राची) बैठक आणि जिग (काम धरायचा साचा) करायचे होते, दुधी शीटमधून एलईडी पट्टीवरचं झाकण. प्रश्न एवढाच होता की या दोन शीट एकमेकींपासून, आणि अक्षरं दुधी शीटपासून, शाबूत सुटतील का.

उत्तर गोंदावर ठरतं. ताकद किती लावली, कोणतं रसायन ओतलं, यावर फारसं काही ठरत नाही.

आधी पाहणी

मागची शीट पारदर्शक असल्याने पाटी उलटी करून उजेडात धरली की आतलं सगळं दिसतं. ही सोय प्रत्येक पाटीत नसते, म्हणून असेल तेव्हा तिचा पुरेपूर फायदा घ्यावा. या पाटीत चार प्रकारचे जोड होते.

पहिला, दोन शीटच्या मधे चारी कडांनी आणि दोन उभ्या रांगांमध्ये १२ मिमी रुंद, १ मिमी जाड फोमची डबल साइड टेप. कडेने सुई टोचली तर ती मऊपणे आत जाते. दुसरा, टेपवर भरवसा नसल्याने कारागिराने टाकलेले दोन-भागी इपॉक्सीचे सहा ठिपके. चार कोपऱ्यांजवळ, दोन मधल्या पट्ट्यात. जुनं इपॉक्सी पिवळसर पडतं, त्यामुळे हे ठिपके मागून सहज ओळखू येतात. तिसरा, पाठीमागे टांगणीसाठी फेविक्विकने चिकटवलेल्या १० मिमी जाडीच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी २०० × ४० मिमी. फेविक्विकची खूण म्हणजे जोडाच्या कडेला आलेला पांढरा धूसर पापुद्रा. गोंदाची वाफ तिथेच शीटवर बसून वाळते. चौथा जोड अक्षरांचा. तिथे ना टेप, ना पिवळेपणा, ना पांढरी झाक. अक्षर आणि शीट यांच्यामधे सुईला जायला फटच नाही, फक्त काही ठिकाणी अडकलेल्या हवेचे फांद्यांसारखे पसरलेले बुडबुडे आणि अक्षराच्या कडेने ओघळून मंद झालेली रेघ. हे क्लोरोफॉर्मचं काम.

आपल्याकडे पाट्या बनवणारे अ‍ॅक्रिलिक जोडायला सर्रास क्लोरोफॉर्म वापरतात. काही जण डायक्लोरोमिथेन वापरतात. दोन्ही गोंद नाहीत. ते अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभाग विरघळवतात, दोन्ही बाजूंचे लांब रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रव उडून जातो. मागे उरतं ते सलग अ‍ॅक्रिलिक. तिथे सोडवण्यासारखं काही शिल्लकच नसतं, म्हणून असा जोड कापूनच वेगळा होतो. छिन्नी मारून अक्षर उडवायचा प्रयत्न केला तर अक्षर शीटचा तुकडा घेऊन निघतं.

पाचवी गोष्ट पाटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सापडली. आधी कुणीतरी तिथे थिनर ओतून टेप सुटते का ते पाहिलं होतं. टेप जागची हलली नव्हती, मात्र ८ मिमी शीटमध्ये सुमारे ६० मिमीपर्यंत केसासारख्या चिरांचं जाळं पसरलं होतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये कापताना, वाकवताना, स्टड आवळताना ताण साठलेला असतो. थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोलमधले काही घटक त्या ताणलेल्या रेणूंच्या मधे शिरतात आणि ते एकमेकांपासून सुटतात. चिरा लगेच दिसतीलच असं नाही. कधी तासाभराने येतात, कधी दुसऱ्या दिवशी, म्हणून माणसाला वाटतं आपण वाचलो. लेझरने कापलेल्या कडेला तर साधं सॅनिटायझरही पुरतं. करोनाच्या काळात काउंटरवर लावलेल्या कितीतरी पडद्यांच्या कडा अशाच तडकल्या, कारण रोज त्या अल्कोहोलने पुसल्या जात होत्या. ते पडदेही आता भंगारात मिळतात. ते घेताना कडा उजेडात तपासूनच घ्याव्यात.

अ‍ॅसिटोन असलेला नेलपॉलिश रिमूव्हर फेविक्विक सोडवतो हे खरं आहे. तो अ‍ॅक्रिलिकही सोडवतो. घरात सहज मिळणारं एकही द्रावण असं नाही जे फेविक्विक किंवा क्लोरोफॉर्मचा जोड विरघळवेल आणि शीटला हात लावणार नाही.

शीट खरंच अ‍ॅक्रिलिक आहे का, हेही एकदा पाहून घ्यावं. कडेचा नखाएवढा तुकडा घराबाहेर चिमट्यात धरून पेटवला तर अ‍ॅक्रिलिक तडतडत जळतं, धूर कमी आणि वास गोडसर फळासारखा. पॉलिस्टायरीन काजळीचे काळे धागे सोडतं. स्वस्त दुधी शीट पुष्कळदा पॉलिस्टायरीनची असते आणि तिला पुढे दिलेलं तापमान मानवत नाही.

काय सोडायचं आणि काय नाही

पाहणीनंतर मूळ बेत बदलला. दुधी शीटवरची अक्षरं मधल्या १८० मिमीच्या पट्ट्यात होती. त्यांच्या वर आणि खाली २१० मिमी मोकळी जागा होती. राउटर लावून अक्षरं खरवडता येतात, पण खरवडलेली जागा मागून दिवा लागला की डाग होऊन दिसते. झाकणाला तर पुरतो फक्त लांब अरुंद पट्टा. म्हणून अक्षरांचा पट्टा सोडून द्यायचा आणि वरचे-खालचे पट्टे घ्यायचे असं ठरलं. सुटे करायचे जोड त्यामुळे तीनच उरले, त्यातलेही इपॉक्सीचे कोपऱ्याजवळचे ठिपके शेवटी छाटून टाकायच्या कडेतच येत होते.

साहित्य

साधा हेअर ड्रायर, नळीच्या टोकाला लेझर असलेलं औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर (कपाळावर धरायचा करोनातला चालत नाही, तो अंगाच्या तापाच्या आसपासच वाचतो), ०.५ मिमी तंगूस दोन मीटर, गिटारची ०.२५ मिमीची पहिली तार, पकडायला लाकडाचे चार ठोकळे, सागाच्या किंवा बांबूच्या पातळ पाचरी दहा-बारा, जुनी बँक कार्डं, दोन सी-क्लॅम्प, रॉकेल आणि भांडी धुण्याचा पातळ साबण. हॉट एअर गन मुद्दाम यादीत नाही. तिची हवा ३०० अंशांच्या वर जाते आणि अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हात एक क्षण थबकला की फोड येतो.

टेपचा उरलेला चिकटा काढायला रॉकेल चालतं, कारण त्यातले बहुतेक हायड्रोकार्बन अ‍ॅक्रिलिकला विरघळवत नाहीत. तरीही ते कुठून आणलं आणि त्यात काय मिसळलं आहे हे बाटली सांगत नाही, म्हणून चाचणी करावी. फेकायच्या कडेतून १५० × २० मिमीची पट्टी कापून ती क्लॅम्पमध्ये हलकी वाकवून धरायची. ताणलेल्या, म्हणजे बाहेरच्या बाजूवर रॉकेलमध्ये भिजवलेला कापूस अर्धा तास ठेवायचा. मग दिव्यासमोर तिरपी धरून पाहायची. एकही रेघ नसेल तर पुढे जायचं.

टेपचा जोड

पाटी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, स्टड काढून, मऊ चादरीवर दुधी बाजू वर ठेवली. ठिपके आणि टेपच्या रेघा मागच्या बाजूने मार्करने आखून घेतलेल्या, आणि त्याच मापाने पुढे मास्किंग टेपवर उतरवलेल्या. काम सुरू करण्याआधी उन्हाचे दिवस असतील तर पाटी तासभर उन्हात ठेवावी. दोन्ही शीट सारख्या गरम झाल्या की पुढचा ताण कमी होतो.

उष्णता कोणत्या बाजूने द्यायची हा यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे आणि बहुतेक जण तो उलटा घेतात, कारण जाड शीट वर ठेवून तिच्यावर ड्रायर धरणं हाताला सोपं जातं. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता फार हळू जाते. ३ मिमी शीट पार करायला तिला अंदाजे दीड मिनिट लागतं, ८ मिमीला जवळजवळ दहा मिनिटं. जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ वाढतो. जाड बाजूने गोंद तापेपर्यंत वरचा पृष्ठभाग कितीतरी अधिक तापलेला असतो. म्हणून ड्रायर नेहमी पातळ शीटच्या बाजूने. ड्रायर १०० मिमीवर धरून १५० मिमीच्या टप्प्यात सतत फिरवत राहायचं, पृष्ठभाग ६५ अंशांवर आणायचा आणि दोन मिनिटं तिथेच राखायचा. ७५ च्या वर कधीही नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर अ‍ॅक्रिलिकच्या आरपार पाहत नाही, तो वरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो. त्यामुळे त्या दोन मिनिटांची वाट पाहण्याला पर्याय नाही.

आणखी एक फायदा असा की फोमची टेप स्वतः उष्णतेला अडवते. दुधी शीटकडचा चिकटा मऊ होतो, पारदर्शक शीटकडचा घट्ट राहतो. जोड तिथेच सुटतो आणि फोम सगळा ८ मिमी शीटवर राहतो. ती शीट दणकट असल्याने तिच्यावरून फोम घासून काढणं सोपं.

कोपऱ्यातून बँक कार्ड सरकवून सुरुवात, मग तंगूस आत घालून दोन्ही टोकांना ठोकळे बांधून दोघांनी करवतीसारखी ओढायची. घाईने ओढली तर घर्षणाने तंगूसच वितळून तुटते. सावकाश, लांब ओढ घ्यायची. मागे मागे दर ८० ते १०० मिमीवर पाचर ठेवत जायचं, नाहीतर थंड होताच टेप पुन्हा धरते.

पाचर किती उचलायची यालाही मर्यादा आहे. ३ मिमी शीट एक मीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. याचा व्यवहारातला अर्थ, शेवटच्या चिकटलेल्या जागेपासून १०० मिमी अंतरावर फट ५ मिमीहून जास्त उघडायची नाही. कड हाताने वर उचलून 'सोलून' काढायचा मोह इथेच होतो, आणि दुधी शीट इथेच, बहुधा स्टडच्या भोकातून, तडकते. लेझरने पाडलेल्या भोकाच्या काठाला आधीपासून ताण असतो.

थंडीचा उपाय पुष्कळ जण सुचवतात, म्हणजे फ्रीझरमध्ये ठेवून टेप कडक करायची. मोबाइलएवढ्या तुकड्याला तो कधी लागू पडतो. ९०० मिमीची पाटी घरच्या फ्रीझरमध्ये जात नाही, आणि थंड अ‍ॅक्रिलिक अधिक ठिसूळ असतं.

इपॉक्सीचे ठिपके

खोलीच्या तापमानाला बसवलेलं इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास आपली कडकी सोडतं. टेप जिथे सुटत आली तिथे ठिपक्यावर तंगूस अडकते. मग तिच्या जागी गिटारची तार. ठिपक्यावर ६५ ते ७० अंश दोन-तीन मिनिटं राखून तार ओढली की ती ठिपक्यातून आरपार जाते. मधे १ मिमी जागा आहे आणि तार ०.२५ मिमीची, म्हणून ती समतल ठेवली तर कोणत्याही शीटला लागत नाही. तोल राखणं अवघड वाटलं तर तार दुधी शीटकडे झुकवायची. तिच्यावरचा ओरखडा मागच्या बाजूला जातो, पारदर्शक शीटवरचा लपत नाही.

या पाटीत सहापैकी चार ठिपके तार न लावताच सुटले. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकला इपॉक्सी फार जीव लावून धरत नाही. जोडताना पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासलेला असेल तरच ते दाद देत नाही. उरलेल्या चकत्या गरम असतानाच लाकडी पाचरीने ढकलून निघाल्या.

फेविक्विकच्या पट्ट्या

इथे यश अर्धंच आलं. १० मिमी पट्टी वाकत नाही, त्यामुळे सोलण्याचा प्रश्नच नाही. फेविक्विक सरळ ओढीला चिवट आणि एका टोकातून उघडण्याच्या ताकदीला कमकुवत. एका पट्टीच्या टोकाशी दाढीचं ब्लेड बसवून, ७० अंश राखून, बांबूची पाचर हलक्या हाताने ठोकली. पट्टी निघाली, पण शीटवर शिंपल्यासारखे उथळ खड्डे सोडून. खोली ०.३ ते ०.५ मिमी. कारण सरळ आहे. फेविक्विक अ‍ॅक्रिलिकला थोडा चावतो, त्याखालचा थर आधीच नाजूक झालेला असतो आणि फाटताना तो थर गोंदाबरोबर जातो.

अर्धा मिमीचा खड्डा पूर्ण घासून काढायला आजूबाजूची बरीच मोठी जागा खाली आणावी लागते आणि शीट तिथे भिंगासारखी दिसायला लागते. दुसरी पट्टी म्हणून सोडवलीच नाही. दोन्ही पट्ट्या वरच्या ५० मिमीच्या आत होत्या, तो पट्टाच कापायचा होता. छोट्या तुकड्याला फेविक्विक लागला असेल आणि घाई नसेल तर ५० अंशांच्या पाण्यात रोज थोडा वेळ ठेवत राहणं हा सगळ्यात सौम्य मार्ग आहे. ओलावा आणि ऊब दोन्ही त्या जोडाचे शत्रू.

चिकटा आणि कापणी

फोमचा बहुतेक भाग अंगठ्याने चोळून वळ्या होऊन निघतो. राहिलेल्यावर रॉकेलचा बोळा दहा मिनिटं, मग कार्डाची कड, मग लगेच साबणाचं पाणी. स्टिकर काढायचं रबरी चाक ड्रिलला लावायचं असेल तर वेग अगदी कमी ठेवावा. ते घर्षणानेच अ‍ॅक्रिलिक वितळवतं आणि वितळलेली रेघ कधीच जात नाही. काचेचे निळे फवारे, त्यात अमोनिया किंवा अल्कोहोल असलेले, टाळावेत.

तीन बाजूंनी ५० मिमी आणि थिनरच्या कोपऱ्यासाठी डावीकडे ६० मिमी छाटल्यावर पारदर्शक शीट ७९० × ५०० मिमीची उरली, साधारण ३.८ किलो. म्हणजे तीन चतुर्थांशाच्या जवळपास वाचली. ३०० × ३०० च्या दोन राउटर बैठका आणि १८० मिमी रुंदीचा एक पट्टा त्यातून निघतो, ३ मिमी करवतीची वाट धरून. दुधी शीटमधून ८०० × १६० मिमीचे दोन पट्टे. मूळ क्षेत्रफळाच्या निम्म्याला थोडे कमी.

८ मिमी शीट सर्क्युलर सॉवर कार्बाइड दाताच्या बारीक ब्लेडने कापावी, ब्लेड शीटच्या वर जेमतेम येईल एवढंच. कचरा भुग्यासारखा उडायला हवा. तो दोरीसारखा चिकटत असेल तर शीट वितळते आहे, हात जरा भरभर पुढे सरकवा. ३ मिमी दुधी शीटला करवत नको. अ‍ॅक्रिलिक कटरने पट्टी धरून सात-आठ वेळा खोबण पाडायची आणि टेबलाच्या कडेवर मोडायची. कडेची मापं मात्र इपॉक्सीच्या ठिपक्यापासून निदान १५ मिमी दूर ठेवावीत. तो भाग मोडताना रेघ सोडून भरकटतो.

कडा ४००, ८००, १२०० वॉटर पेपरने ओल्या घासून रबिंग कंपाउंड. राउटरच्या बैठकीला चमक लागत नाही, ८०० वर थांबलं तरी चालतं.

पुन्हा जोडायचं असेल तर

बैठकीला कडेची पट्टी क्लोरोफॉर्मने जोडायची असल्यास तुकडे आधी ताणमुक्त करावे लागतात, नाहीतर आत साठलेला ताण आणि द्रव यांची गाठ पडून थिनरच्या कोपऱ्यासारखं जाळं येतं. ८० अंशांवर, मिमीमधली जाडी भागिले तीन इतके तास, आणि किमान दोन तास. ८ मिमीला पावणेतीन तास. मग तासाला १५ अंशांपेक्षा जास्त वेगाने थंड होऊ द्यायचं नाही, म्हणजे साधारण ४० अंशांवर यायला आणखी पावणेतीन तास. घरच्या ओटीजीचा (विजेच्या भट्टीचा) काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे उडतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवून काटा ७५ वरच धरावा. शीट भिजलेली असेल तर आधी दोन दिवस कोरडी होऊ द्यावी.

क्लोरोफॉर्म उघड्या खिडकीशीच वापरावा. नायट्राइलचे हातमोजे त्यात फार टिकत नाहीत, हात लागला की लगेच बदलावेत. तुकडे लेझर कटिंगला द्यायचे असतील तर दुकानदाराला टेपचा फोम किंवा चिकटा कुठे राहिला आहे ते आधी दाखवावं. तो फोम पीव्हीसीचा निघाला तर लेझरखाली हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतो आणि त्याचं यंत्र गंजवतो.

दुधी पट्ट्यांना यातलं काही करावं लागत नाही. मीटरला ६० दिव्यांची एलईडी पट्टी असेल तर दिवे १७ मिमीवर असतात. झाकण त्यांच्यापासून २० ते २५ मिमी वर बसवलं की ठिपके न दिसता सलग उजेड पडतो. टेपच्या जागी मंद छटा राहिली असेल तर ती बाजू दिव्याकडे ठेवायची.